गाठ म्हटली की…

मैत्रिणींनो, ‘गाठ’ हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळाच येतो, नाही का? आमच्या थोरल्या जाऊबाईंनी शौचावाटे जाणारं रक्त आणि पोटातली कळ सहा महिने अंगावर काढली. म्हणायच्या, “मूळव्याध असेल, त्यात काय सांगायचं!” शेवटी दुर्बिणीने तपासलं, तर मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही.

पण ती निघाली नुसत्या चरबीची! डॉक्टर तिला ‘लायपोमा’ म्हणतात. पिवळसर, मऊ, चिमट्याने दाबली की उशीसारखी दबते. सीटी स्कॅनमध्येही तिच्यातली चरबी ओळखू येते. अशी गाठ लहान असली, त्रास देत नसली, तर तिला हातही लावत नाहीत. जाऊबाईंची मात्र तीन सेंटिमीटरची होती. मोठी गाठ कधी रक्तस्राव करते, तर कधी आतड्याचा भाग आतड्यातच शिरून वाट अडते. म्हणून दुर्बिणीतूनच ती काढली, तपासायला पाठवली, तेव्हा खात्री पटली.

मूळव्याध, चरबीची गाठ की कॅन्सर, हे नुसतं रक्त पाहून कळत नाही. तेव्हा बायांनो, लाजू नका. घरातल्यांची दुखणी काढता ना? मग आपलंही वेळेवर डॉक्टरांना सांगा.