जीपचा खरा रंग कोणता?

जुनी गाडी पूर्ववत करणे हा श्रीमंतांचा शौक समजला जातो. परंतु कष्टकऱ्याच्या दारातही एखादी जुनी गाडी उभी असते. तिने घराचे पोट भरलेले असते, म्हणून ती भंगारात द्यायला मन होत नाही. इस्लापूरला आमच्या थोरल्या बंधूंची अशी एक जीप आहे. लष्कराच्या लिलावातून आलेली ही जीप हिमायतनगर-किनवट रस्त्यावर वर्षानुवर्षे सवारी वाहत होती. बंधू आज हयात नाहीत. त्यांच्या मुलाने ती पुन्हा उभी करायचे ठरविले. नांदेडच्या गॅरेजमध्ये माझा जन्म मोटारी रंगविण्यात गेला, म्हणून रंगाचे काम माझ्याकडे आले.

पुतण्या म्हणाला, "काका, मस्त चकाकणारा निळा मारू. आपला रंग आहे." नातवाने मोबाईलवर फोटो दाखवून हट्ट धरला, "आजोबा, मिलिटरीचा हिरवाच खरा!" मी दोघांनाही म्हणालो, "आधी गाडीला विचारू."

गाडीला विचारायची रीत सोपी आहे. उन्हापावसाने वरचा रंग विटतो. लाल गुलाबी पडतो, पांढरा पिवळसर होतो. म्हणून बॉनेटवरचा रंग पाहून निर्णय करू नये. सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, रबर पट्टीच्या आत जिथे ऊन पोहोचत नाही, तिथला रंग पाहावा. मग तिथे रुपयाएवढी जागा पाण्याच्या पेपरने हळूहळू घासावी. झाडाच्या खोडात वर्षांची वलये दिसतात, तशी रंगांची वलये उघडी पडतात. तळाशी तांबूस थर लागला तर तो रेड ऑक्साइडचा अस्तर असतो, त्याला रंग समजू नये. जुन्या कृष्णधवल फोटोवरही विसंबू नये. पूर्वीच्या काही फिल्ममध्ये लाल रंग काळपट येई आणि निळा फिका दिसे.

आमच्या जीपच्या सीटखाली तांबूस अस्तर, त्यावर लष्करी हिरवा, त्यावर राखाडी आणि सर्वात वर साधा, बिनचमकेचा निळा निघाला. निळ्यावर ब्रशचे ओरखडे होते, एक केसही चिकटलेला होता. वहिनी जवळ येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हा यांनी हातानं लावलेला. नामांतर झालं त्या साली."

मग उलगडा झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांचे बलिदान याच नांदेड जिल्ह्यातले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या आनंदात गावच्या दुकानातून डबा आणून बंधूंनी ही जीप रंगविली होती. १९४२ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. तो निळा त्यांच्या मनात असणार.

आता खरा रंग कोणता? कारखान्याचा म्हणाल तर हिरवा. पण लष्करी हिरवा रंग खाजगी वाहनाला लावण्यास मोटार वाहन नियमांनी मनाई आहे. २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. त्यातही चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे यावर भर आहे. शिवाय तो हिरवा रंग लष्कराच्या कामाचा होता. आमच्या माणसांना घेऊन जी जीप धावली, ती निळी होती.

जुन्या वस्तूवर हौसेने थर चढविला की काय होते, हे आपल्याला अजिंठ्याने दाखविले आहे. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून कारागीर आणले. चित्रे टिकावीत म्हणून त्यांनी वर लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता, पण लेप पिवळा पडत गेला आणि खालचे रंग झाकोळले. तो काढताना पुढे पुरातत्त्व खात्याला फार कष्ट पडले. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही कालाम सुत्तातील भगवान बुद्धांची शिकवण रंगाऱ्यालाही लागू पडते.

शेवटी पुतण्याला मी समजाविले, "बाळा, निळाच मारू. पण तुझ्या बापाचा निळा." सीटखालचा तुकडा समोर ठेवून छटा जुळविली, चमक टाळली. सीटखालची जागा मात्र तशीच ठेवली, ब्रशच्या केसासह. नातवाला त्यातली वलये मोजता येतात. आता तो शाळेतल्या मित्रांना नामांतराची गोष्ट सांगतो.

एक सूचना बंधू-भगिनींना. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, नाकातोंडाला फडके बांधा आणि लेकरांना दूर ठेवा. तुमच्या घरी आजोबांची पेटी असेल, विहाराचा जुना दरवाजा असेल, तर नवा डबा उघडण्यापूर्वी एका कोपऱ्यात खालचा रंग पाहा. तो कुणी, कधी, का लावला, हे म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून वहीत लिहून ठेवा.