शिदोरी चालणारें मद्यगृह

इटलींतील बोलोन्या शहरीं, मुख्य चौकाजवळच्या अरुंद बोळांत, ‘ओस्तेरिया देल सोले’ हें इ. स. १४६५ पासूनचें मद्यगृह आहे. तेथें मद्य तेवढें मिळतें. खाणें ज्याचें त्यानें आणावें! सोवळ्याच्या घरांत वाढलेल्या आमच्या सौ.ना ही रीत फारच मानवली. शेजारच्या बाजारांतून पाव, टोमॅटो, द्राक्षें घेतलीं. पार्मिजानो चीजचें दूध वासराच्या जठररसानें गोठवितात हें कळतांच तें मात्र त्यांनीं परत ठेवविलें. मीं जवळच्या टेकड्यांवरील पिन्योलेत्तोचा पेला मागविला. वडिलांच्या हयातींत जिचें नांवहि घरांत निघत नसे, ती वस्तु पत्नीसमोर ओठांस लावतांना हात थबकला.

“घ्या आतां, पैसे दिलेत ना?” त्या म्हणाल्या, आणि पावाचा तुकडा माझ्यापुढें सरकविला.