ब्यान, म्ना, बन

आयरिश शिकवताना नामांची सुरुवात मी ‘ब्यान’पासून करते. ब्यान म्हणजे बाई. नियमित नामं सोडून आधी या अनियमित नामाला हात घालणं काहींना उफराटं वाटतं, पण आयरिश नामाचा स्वभाव इतका उघड दुसरीकडे दिसत नाही.

‘ब्यान’चं अनेकवचन ‘म्ना’. आयर्लंडमधल्या पबांत बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर हीच पाटी असते. पश्चिमेला आणि उत्तरेला ‘म्रा’ असंही ऐकू येतं. ब जाऊन म कुठून आला? जुन्या रूपात ब आणि न शेजारी आले, आणि न या अनुनासिकाने ब चा म केला. ‘वाक्’ आणि ‘मय’ मिळून ‘वाङ्मय’ होताना घडतं तेच. आणखी मागे गेलं तर ऋग्वेदातला ‘ग्ना’ हा स्त्रीवाचक शब्द याच मुळाचा.

खरी गंमत षष्ठीत. एकवचनाची षष्ठीही ‘म्ना’च, आणि उपपदही दोन्हीकडे ‘ना’. ‘हानिग ना म्ना’ म्हणजे बायका आल्या. ‘च्याख ना म्ना’ म्हणजे त्या बाईचं घर. शेजारच्या शब्दाकडे पाहूनच अर्थ लावायचा. आपल्याला शब्दाचं शेपूट बघायची सवय, ‘घर’चं ‘घराला’ होतं. आयरिशमध्ये शब्दाच्या तोंडाकडेही बघावं लागतं. उपपद लागलं की ‘ब्यान’ची ‘अन व्यान’ होते. हा बदल आज ब पुढे एच लिहून दाखवतात. जुन्या गेलिक टायपात अक्षराच्या डोक्यावर टिंब असे.

अनेकवचनाची षष्ठी ‘बन’, उपपदासह ‘ना मन’. 1914 साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या ‘कुमन ना मन’ या संघटनेचं नाव रोमन लिपीत नीट पाहा: एम लहान, त्याला चिकटून बी मोठा. उच्चार फक्त म चा, ब मुका. तरी मोठं अक्षर ब लाच, कारण शब्द मूळचा त्याचा आहे. उच्चार आणि मूळ दोन्ही राखणारी इतकी सभ्य लेखनपद्धती मला फार आवडते.

नीआल ओ डोनल यांच्या 1977 च्या कोशात ‘ब्यान’पुढे लगेच ‘म्ना’ आणि ‘बन’ दिले आहेत. आयरिश शिकणार असाल तर तिन्ही रूपं एका दमात पाठ करा, आणि उपपद लावूनच करा.