औषधाच्या अदृश्य कुप्या

दसरा झाला, की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावांना निरोपाचे वेध लागतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या भागांत पाऊस बेताचा आणि जमीन बहुधा हलकी. बाजरी खळ्यावरून घरात आली, की बोचकी बांधली जातात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शेळी, कोंबड्या आणि लहान मुले असा सारा संसार ट्रकवर किंवा ट्रॅक्टरवर चढतो, आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ असेच म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव पडावे, यात त्या जीवनाची निम्मी कथा आली. फडाशेजारी पाचटाची कोपी उभारावयाची, पहाटेच्या अंधारात उसाला भिडावयाचे, आणि गाळप संपले म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परतावयाचे. वर्षातील पाच-सहा महिने घराला कुलूप!

आता योगायोग असा, की क्षयरोगाचे नेहमीचे औषधही साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते, आणि तेही रोजच्या रोज. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली जगाला दाखविला. हा जंतू मोठा चिवट. औषध सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अन्न गोड लागू लागते, आणि रोग्याला वाटते, आपण बरे झालो. परंतु काही जंतू शरीरात दबा धरून बसलेले असतात. औषध तेथेच थांबविले, तर ते पुन्हा डोके वर काढतात. कधी कधी तर त्याच औषधाला दाद देईनासे होतात. सरकारी दवाखान्यात ही औषधे विनामूल्य मिळतात, गाव बदलले तरी उपचार चालू ठेवण्याची सोय आहे. तथापि पहाटेपासून उसात असलेल्या, आज या फडात तर उद्या त्या फडात जाणाऱ्या माणसाला दवाखाना गाठणे किती अवघड, हे ज्याने कोपी पाहिली आहे त्याला सांगावयास नको.

मग माणसाने रोज औषधाकडे जाण्याऐवजी, औषधच शरीरात अनेक दिवस मुक्काम करून राहिले तर? चंदीगड येथील स्नातकोत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत जी. के. खुल्लर आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी क्षयाची औषधे बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म कणांत कोंडली.

बहुवारिक हा शब्द नवा वाटला, तरी वस्तू जुनी आहे. लहान लहान रेणू मण्यांसारखे एकापुढे एक गुंफून जी लांबलचक माळ होते, ते बहुवारिक. बाभळीच्या खोडावर ओघळलेला डिंक बहुवारिकांचाच, आणि कापसाचा तंतूही बहुवारिकाचाच. खुल्लर यांनी निवडलेल्या बहुवारिकातील एक मणी तर प्रत्येक घरात सापडतो. दह्याला आंबटपणा आणणारे जे लॅक्टिक आम्ल, तोच तो मणी! दुसरा मणी ग्लायकोलिक आम्लाचा. या माळा शरीरातील पाण्याने हळूहळू तुटतात आणि सुटे झालेले मणी शरीर पचवून टाकते. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळून जाणारे टाकेही याच जातीच्या पदार्थांचे असतात.

कण करण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील एक मोठी मौजेची आहे. बहुवारिक आणि औषध ही दोन्ही अॅसिटोनमध्ये विरघळवितात. मग खाली पाण्याचे पात्र ठेवून ते ढवळत राहावयाचे आणि वरून हे द्रावण थेंबाथेंबाने सोडावयाचे. अॅसिटोनचे पाण्याशी मोठे सख्य. ते क्षणात पाण्यात मिसळून जाते. बहुवारिकाचे मात्र पाण्याशी हाडवैर. वळवाची सर अंगावर आली, की रानातील मेंढरे जशी एकमेकांना बिलगतात, तशा त्या माळा जागच्या जागी एकमेकींना बिलगतात, आणि जवळपासचे औषधही त्यांच्या गराड्यात सापडते. झाला कण तयार! त्याला कुपी म्हणावयाचे खरे, पण ती पोकळ नव्हे. तिळगुळाच्या वडीत तीळ विखुरलेले असतात, तसे औषध तिच्यात विखुरलेले असते. हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होऊ नयेत, म्हणून पाण्यात आधीच एक चिकट पदार्थ घातलेला असतो. तो प्रत्येक कणाभोवती पातळ थर धरतो.

सारा खेळ डोळ्यांदेखत चालतो, आणि डोळ्यांना दिसत काहीच नाही! नितळ पाणी दुधाळ होते, त्यात निळसर झाक येते, एवढेच. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण दोनशे-तीनशे नॅनोमीटरांचे. क्षयाच्या जंतूची लांबीच दोन ते चार हजार नॅनोमीटर. म्हणजे त्या जंतूच्या लांबीत दहा-वीस कण सहज रांगेने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते स्पष्ट दिसत नाहीत, कारण प्रकाशाच्या लहरीच त्यांच्याहून लांब असतात. मग मोजावयाचे कसे? पाण्यातील सूक्ष्म कण सतत थरथरत असतात, हे रॉबर्ट ब्राउन याने 1827 साली परागकणांतून निघालेले बारीक कण पाहताना टिपून ठेवले होते. जितका कण लहान, तितकी त्याची थरथर वेगाची. लेसरचा किरण या पाण्यातून सोडला, की विखुरलेला प्रकाश लुकलुकतो. त्या लुकलुकण्याच्या वेगावरून यंत्र कणाचा आकार सांगते. कणाचे रूप पाहावयाचे असेल, तर त्याला सुकवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागते.

प्रत्येक वेळी यश येते असे नाही. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध विटेसारखे तांबडे असते. कण वेगाने फिरवून तळाशी बसविले, आणि वरचे पाणी तांबडे दिसले, की समजावे, बरेचसे औषध कणांत शिरलेच नाही. दुसरे औषध आयसोनियाझिड. ते पाण्यात सहज विरघळते, आणि म्हणून त्याला कोंडून ठेवणे आणखी कठीण. त्याच्यासाठी वेगळी रीत योजावी लागते. संशोधकाचे कित्येक दिवस असे पाण्याचा रंग पाहण्यात जातात.

खुल्लर यांच्या प्रयोगाची हकीकत 2003 साली प्रसिद्ध झाली. क्षय झालेल्या गिनीपिगांना हे कण तुषारांच्या रूपाने श्वासावाटे दिले होते. एकदा दिलेले औषध फुफ्फुसांत 11 दिवसांपर्यंत आढळले. दर दहाव्या दिवशी एक, अशा पाच मात्रांनंतर फुफ्फुसांत जंतू सापडले नाहीत. तेवढाच गुण यावयास नेहमीच्या औषधाच्या, रोज एक याप्रमाणे, 46 मात्रा तोंडाने द्याव्या लागल्या! यात आणखी एक गंमत आहे. फुफ्फुसांतील भक्षक पेशी परके कण गिळून टाकतात, आणि क्षयाचे जंतू दडून बसतात ते याच पेशींत. कुपी गिळली जाते, ती नेमकी शत्रूच्या दारात.

परंतु गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे. माणसांच्या नेहमीच्या उपचारात ही रीत अद्याप आलेली नाही. प्रयोगशाळेत चिमूटभर कण करणे निराळे, आणि लक्षावधी रोग्यांसाठी एकसारखे, निर्दोष व स्वस्त कण करणे निराळे. फडावरचा रोगी आजही रोजच्या गोळ्याच घेतो.

कण पाण्यात फार दिवस ठेवता येत नाहीत. पाणी त्यांच्या माळा तोडू लागते. म्हणून ते गोठवून निर्वातात सुकवितात. गोठताना बर्फाच्या दाबाने कण एकमेकांना चिकटतात आणि सारी मेहनत वाया जाते. हे टाळण्यासाठी गोठविण्यापूर्वी त्यांत बहुधा साखर मिसळतात. कणाकणांमधील जागा साखर धरून ठेवते; पुढे पाणी घातले, की ती विरघळते आणि कण सुटे होतात. कित्येक प्रयोगशाळांत ही साखर म्हणजे आपली उसाचीच साखर असते. बरणीवर तिच्या शुद्धतेचा आकडा छापलेला असतो. ऊस कोणत्या फडातला आणि कोणी तोडलेला, हे मात्र लिहिलेले नसते.