बुधवारचा पास्ता आणि बाबांचं मीठ

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. घरातलं लोणचं बंद झालं. उल्हासनगरहून आणायचो ते सिंधी पापड बंद झाले. आमटीतलं मीठ निम्म्यावर आलं. बाबा कुरकुरत का होईना, ऐकत होते. बुधवारचा पास्ता मात्र चालूच होता. मुलासाठी करायचे, पण बाबाही आवडीने खायचे. टोमॅटोचा तर सॉस, त्यात कसलं आलंय मीठ, असं मलाच वाटायचं.

मागच्या आठवड्यात बाटली धुताना मागचं लेबल वाचलं. वाचलं म्हणजे मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचलं, कारण नुसत्या डोळ्यांना ते झेपत नाही.

100 ग्रॅमला सोडियम 600 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे दीड ग्रॅम. बाटली 325 ग्रॅमची. म्हणजे आख्ख्या बाटलीत जवळजवळ पाच ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून तेवढंच खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही चौघं ती बाटली एका रात्रीत संपवतो. म्हणजे दिवसाच्या मिठाचा चौथा हिस्सा प्रत्येकाच्या पोटात नुसत्या सॉसमधून. पास्ता उकळताना घातलेलं मीठ वेगळं, वरचं चीज वेगळं.

पण त्याच लेबलवर 'एका वेळच्या प्रमाणात 9 टक्के' असंही लिहिलंय. हिशेब चुकीचा नाही. त्यांचं एका वेळचं प्रमाण 30 ग्रॅम आहे, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. दोन चमच्यांत ताटभर पास्ता कोण खातं हो?

घटकांची यादीही सांगते. नियमाप्रमाणे जे वजनाने जास्त, ते आधी लिहायचं असतं. माझ्या बाटलीवर पाणी पहिलं, टोमॅटो पेस्ट दुसरी, साखर तिसरी. मग तेल, स्टार्च, मीठ आणि आयएनएसचे आकडे. पाणी पहिलं बघून चिडू नका. आटवलेली पेस्ट पातळ करायला ते लागतंच. आकड्यांनाही घाबरू नका. 330 म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आपलं लिंबूसत्व. 260 म्हणजे व्हिनेगरमधलं अ‍ॅसिड. 415 हा दाटपणासाठीचा डिंकासारखा पदार्थ, 211 टिकण्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर या आकड्यांना विष म्हणून फिरवतात आणि मीठ-साखर बाजूलाच राहते. (आणि ती बेसिल! फालुद्यात भिजवलेला सब्जा असतो ना, त्याच झाडाची पानं.)

आता मुद्द्याचं. हे सगळं इंग्रजीत. देशातल्या नियमानुसार लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलं की पुरे. दुसरी भाषा जोडायची मुभा आहे, सक्ती नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या कुठल्याही किराणा दुकानात या बाटल्या आता फळीवर दिसतात. घेणाऱ्या कितीतरी बायका मराठी सफाईने वाचतात, पण 'अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर'पाशी अडतात. गर्दीच्या बदलापूर लोकलमधून उभ्याने घरी येऊन ज्या बाईने ती बाटली उघडली, तिला 'घरी का करत नाहीस' म्हणून कुणी शिकवू नये. तिला आत काय आहे ते कळलं पाहिजे, एवढंच.

पुढच्या बाजूला ठळक इशारा छापायचा, ही चर्चा वर्षानुवर्षं चाललीय. सप्टेंबर 2022 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ताऱ्यांचा मसुदा आणला: अर्धा ते पाच तारे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, नंतर मुदत वाढवून दिली. मला ताऱ्यांचीच भीती वाटते. त्या मसुद्यात फळं-भाज्या, प्रथिनं, तंतू यांचे चांगले गुण धरून वाईट गुण कमी होतात. टोमॅटोच्या सॉसला टोमॅटोचे गुण मिळणार आणि मीठ त्यामागे लपणार. चिलीमध्ये 2016 पासून पाकिटावर सरळ काळा अष्टकोन असतो: मीठ जास्त, साखर जास्त. बाबांना तारे मोजून काय कळणार? 'मीठ जास्त' हे दोन शब्द मराठीत असते, तर मीही ती बाटली इतके महिने आणली नसती.

आणखी एक, फार जणांना माहीत नसलेलं. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कुणीही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते. गाडीवरच्या लालभडक सुट्ट्या सॉसबद्दल शंका असेल तर हा रस्ता आहे. नगरपालिकेच्या नावाने ओरडून उपयोग नाही, हे काम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं.

या बुधवारी एक किलो टोमॅटो, लसूण, थोडं तेल घेऊन अर्धा तास आटवलं. मुलगा म्हणाला, "आई, आंबट आहे." चिमूटभर साखर टाकली. मीठ बाबांनी स्वतः घातलं, चमच्याने मोजून, आणि खाताना दोनदा विचारलं, "पुढच्या बुधवारी पापड एकच चालेल का?"