हेडमास्तर स्टोक्स यांचं गाव

बाबा नॉटिंगहॅमला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा लंडनच्या आधी न्यूटनचं घर बघायचं हा त्यांचा हट्ट होता. साताऱ्याकडच्या हायस्कुलात ते निवृत्त होईपर्यंत गणित शिकवत होते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत न्यूटनचा पुतळा आहे, तो दाखवायला ते दहावीच्या मुलांची सहल न्यायचे. नॉटिंगहॅमहून ग्रँथमला थेट रेल्वे आहे. तिथून वूल्सथॉर्प दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटर.

घर शेतकऱ्याचं. चुनखडीच्या दगडाचं, दुमजली, बेताच्या खोल्यांचं. इथे 25 डिसेंबर 1642 ला, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या कालगणनेनुसार, न्यूटन जन्मला. वडील आधीच वारलेले. मूल तीन वर्षांचं झालं तेव्हा आईने दुसरं लग्न केलं आणि मुलाला आजीपाशी ठेवलं. अंगणात ते सफरचंदाचं झाड आहे. 1820 च्या सुमारास वादळात पडलं, पण आडव्या खोडातून पुन्हा मूळ धरून वाढलं. सगळे त्याच्याभोवतीच फोटो काढत होते. बाबा वर गेले. 1665 मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, तेव्हा न्यूटन इथेच परतला होता, आणि लोलकातून सूर्यकिरण पाडून बघण्याचे प्रयोग याच घरात झाले. त्या खोलीत बाबा बराच वेळ काही न बोलता उभे होते.

खाली माहिती सांगणाऱ्या एक आजी होत्या. त्यांच्याकडून कळलं, की मुलगा सतरा वर्षांचा होत आला तेव्हा आईने त्याला शाळेतून काढून शेतीला लावलं. शेतीत त्याचं लक्ष कुठलं? 1659 साली त्याची मेंढरं दुसऱ्याच्या शेतात शिरली म्हणून त्याला दंड झाला, तशी नोंदच आहे.

बाबांनी लगेच विचारलं, “मग त्याला परत शाळेत कुणी घातलं?”

हेन्री स्टोक्स. ग्रँथमच्या किंग्ज स्कूलचे हेडमास्तर. त्यांनी आईची समजूत काढली, बाहेरगावच्या मुलांना पडणारी चाळीस शिलिंग फी माफ करायची तयारी दाखवली आणि मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. न्यूटनचे मामाही त्याच मताचे होते. 1661 मध्ये तो केंब्रिजला गेला. निरोप देताना स्टोक्स यांनी त्याला वर्गासमोर उभं करून त्याचं कौतुक केलं आणि त्यांचे डोळे भरून आले, असं सांगतात.

“चल गं, आता शाळा बघू,” बाबा म्हणाले.

सेंट वुल्फ्रम चर्चच्या उंच मनोऱ्याजवळच ती जुनी दगडी इमारत आहे. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर न्यूटनने कोरलेलं म्हणून नाव दाखवतात. आईने शेतीला लावण्याआधी, शाळेत शिकताना तो गावातल्या एका औषधवाल्याकडे राहायचा. जवळ पवनचक्की बांधत होते, ती बघून त्याने तशीच छोटी चक्की केली आणि ती फिरवायला आत उंदीर ठेवला. बाबांना ही गोष्ट फार आवडली.

परतीच्या वाटेवर नॉर्थ परेडवरचं किराणा दुकानाचं घर लागलं. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा जन्म इथला, 1925 चा. त्यांचं राजकारण मला पटत नाही. नॉटिंगहॅमशायरात राहून, बंद पडलेल्या कोळसाखाणींची गावं रोज बघून, ते पटणं अवघड आहे. ग्रँथममध्येही मतं दुभंगलेलीच. 2022 मध्ये त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवला, तर काही तासांतच त्यावर अंडी फेकली गेली. पण त्यांचे वडील आल्फ्रेड रॉबर्ट्स यांच्याबद्दल मला आदर वाटतो. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला हा दुकानदार वाचनालयातून पुस्तकं आणायचा आणि मुलीलाही वाचायला लावायचा. ती ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकली.

न्यूटनचा पुतळा 1858 पासून गिल्डहॉलसमोर आहे. थॅचरबाईंचाही झाला. माझ्या मते गावाने तिसरा पुतळा हेन्री स्टोक्स यांचा उभारावा.

वूल्सथॉर्पला जाणार असाल, तर झाड बघून तसेच परत फिरू नका. ग्रँथमची जुनी शाळाही बघा. शाळा अजून चालू आहे, त्यामुळे आत जायचं असेल तर आधी विचारून घ्या.