जांभळाच्या बियांची पावडर : मागच्या वर्षीच्या पोस्टची दुरुस्ती



मागच्या जूनमध्ये याच पानावर मी जांभळाच्या बियांच्या पावडरीवर एक पोस्ट टाकली होती. बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण या पानावरची सगळ्यात जास्त फिरलेली पोस्ट तीच. त्यात मी लिहिलं होतं की जांभळात अँटीऑक्सिडंट भरपूर असतात, शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केलंय, आणि रोज एक चमचा पावडर घेतली तर साखरेच्या गोळ्यांची गरज उरत नाही. पहिली दोन वाक्यं बरोबर होती. तिसरं माझ्या मनाचं होतं. ती पोस्ट मी काढून टाकली आहे. का काढली ते आज लिहितो.

आमचं गाव आजरा तालुक्यात. दोन एकर भात, थोडा ऊस, आणि वर डोंगराकडेला मुरमाड पड. त्या पडीला करवंदाच्या जाळ्या, ओढ्याच्या अंगाला सात जांभळी, मधे तोरणं, नेर्ल्या, आळू. यातलं काहीच कुणी लावलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्या पोराच्या डोक्यात आलं की जांभळं वाया जातात, बिया वाळवून पावडर करू. केली. पाव किलोची चाळीस पाकिटं भरली. पाकिटावर पोरानं छापून घेतलं, ‘मधुमेहावर रामबाण’. मी वाचलं, बरं वाटलं, आणि वर ती पोस्ट लिहिली.

आमची आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. दिली गडहिंग्लजकडे. तिला बारा वर्षं साखर आहे. गौरीला माहेरी आली तेव्हा दारातच मला ती वाळल्यासारखी दिसली. रात्री चार वेळा उठली, तांब्याच्या तांब्या पाणी पीत होती. पायाच्या बोटाला ठेच लागून वीस दिवस झाले होते आणि जखम अजून ओलीच. मी विचारलं, "आक्का, गोळ्या चालू हायत न्हवं?"

ती म्हणाली, "गोळ्या कशाला? तूच लिवलंस की. भाच्यानं तुझा वाचून दाखवला मोबाईल. जून संपल्यापासनं पावडरच घेतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेली. साखर ३८६. पाच दिवस ठेवून घेतली. बोट वाचलं. डॉक्टर माझ्याकडं बघून काही बोलले नाहीत, कारण पावडर कुणाची ते आक्कानं त्यांना सांगितलंच नाही. मला राखलं तिनं.

त्यानंतर मी बरेच दिवस काही लिहिलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय असं मी लिहिलं, पण नक्की काय सिद्ध केलंय हे मला तरी कुठं माहीत होतं?

ते कळलं या उन्हाळ्यात. शेजारच्या गावची, आमच्या पाहुण्यातलीच एक पोरगी कोल्हापूरला एमएस्सी करते. रानफळांचं रासायनिक पृथक्करण हा तिचा विषय. एप्रिलमध्ये ती नमुने न्यायला आली. पहिल्या दिवशी तिनं फळं घेतलीच नाहीत. आधी प्रत्येक झाडाची पान-फळासकट डहाळी तोडून रद्दी पेपरात दाबून ठेवली. मी म्हटलं हे कशाला? म्हणाली, "काका, तुम्ही आळू म्हणता ते फळ, पुण्यात आळू म्हणलं की भाजीची पानं आणून देतील. गावागावाला नाव बदलतं. हे झाड कुठलं ते आधी पक्कं झालं पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा आकडा फुकट." आपल्या आळूचं शास्त्रीय नाव मेयना लॅक्सिफ्लोरा, तोरणाचं झिझिफस रुगोसा, नेर्लीचं एलिॲग्नस कॉन्फर्टा. मी वहीत उतरवून घेतली.

मे महिन्यात करवंदं काळी झाली, आणि जूनच्या तोंडाला जांभळं पाडाला लागली. नमुना त्याच दिवशी थंड पोचवायचा होता, म्हणून बर्फाच्या डब्यात घालून मीच एस.टी.नं घेऊन गेलो. प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं होतं मोठं मशीन असेल, फळ घातलं की कागद बाहेर येईल. तसं काही नाही. पोरीनं फळ वजन करून वाटलं, मिथेनॉलमध्ये भिजवलं, गाळलं. मग एका काचेच्या नळीत गडद जांभळ्या रंगाचं पाणी घेतलं. त्याला डीपीपीएच म्हणतात. ते एक फ्री रॅडिकलच आहे, म्हणजे ज्याला एक इलेक्ट्रॉन कमी पडलाय आणि जो दुसऱ्याचा ओढायला बसलाय असा रेणू. त्यात फळाचा अर्क टाकला आणि नळी अर्धा तास अंधारात ठेवली. बाहेर काढली तर जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा झालेला.

फळातल्या द्रव्यांनी आपला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन त्या रेणूला शांत केलं. रंग किती उतरला ते यंत्रात ५१७ नॅनोमीटरच्या उजेडावर मोजायचं. अँटीऑक्सिडंटची ताकद म्हणतात ती एवढीच. आपण चिरलेलं वांगं काळं पडू नये म्हणून लिंबू पिळतो, त्यातलाच प्रकार.

जांभळाची एक गंमत. त्याचा स्वतःचाच रंग जांभळा, त्यामुळे यंत्र फसतं. म्हणून डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काची एक नळी वेगळी मोजून तेवढा रंग वजा करावा लागतो. प्रत्येक नमुना तीन तीन वेळा करायचा. एकदाच करून आकडा लिहायचा नाही.

मी ती पिवळी नळी हातात घेऊन तिला विचारलं, "मग आक्काच्या पोटात पण असंच होत असणार की?"

ती म्हणाली, "काका, ही परीक्षा काचेच्या नळीतली. पोटात मिथेनॉल नसतं आणि डीपीपीएच पण नसतं. खाल्लेल्यातलं थोडंच रक्तात जातं, ते पण आतड्यातले जिवाणू आणि यकृत बदलून टाकतात. आणि रंग घालवणं वेगळं, रक्तातली साखर उतरवणं वेगळं. जांभळाच्या बियांवर साखरेसाठी काम झालंय, पण बरंचसं उंदरांवर. गोळी बंद करा असं त्यातनं कुठं निघतं?"

मी काय बोलणार? माझ्या पोस्टमध्ये मी नेमकी हीच उडी मारली होती. नळीतनं थेट आक्काच्या पोटात.

तिनं आणखी एक सांगितलं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांची अँटीऑक्सिडंट ताकद दाखवणारी एक मोठी यादी लोकांसाठी ठेवली होती, ‘ओरॅक’ नावाची. २०१२ साली त्यांनी स्वतःच ती काढून टाकली. कारण नळीतला आकडा शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाही, आणि माल विकणारे तोच आकडा छापून धंदा करत होते. म्हणजे माझ्या पोराच्या पाकिटासारखंच.

आणि आपला कायदाही आहे. मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) कायद्यानं बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. खाद्यपदार्थाच्या लेबलवरही रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. आपण बचत गटातनं, घरातनं पाकिटं भरतो तेव्हा हे कुणी सांगत नाही.

मग या पृथक्करणाचा आपल्याला उपयोगच नाही का? आहे, आणि चांगला आहे. त्या दिवसापासून वहीत उतरवलेलं लिहितो.

एक. आकडा वाचताना तो ओल्या फळाचा की वाळल्याचा हे आधी बघा. मी एक किलो पिकलं करवंद वाळवलं, दोनशे ग्रॅमच्या आसपास उरलं. तेव्हा वाळल्याचा आकडा पाचपट दिसणारच. हिरव्या चाऱ्याची प्रथिनं आणि वाळल्या चाऱ्याची प्रथिनं आपण शेजारी ठेवून तुलना करत नाही, तसंच हे.

दोन. अहवालात ‘आयसी ५०’ लिहिलेलं असतं. अर्धा रंग घालवायला किती अर्क लागला तो हा आकडा. म्हणजे आकडा लहान तितकं फळ जोरदार. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, त्याची मारक मात्रा सगळ्यात कमी, म्हणून ते सगळ्यात जहाल. तोच हिशोब. एक व्यापारी मला मोठा आकडा दाखवून माल चांगला म्हणत होता. तेव्हा मी मान डोलावली होती. आता हसू येतं.

तीन. फिनॉलचं प्रमाण गॅलिक ॲसिडच्या तुलनेत लिहितात. त्या चाचणीत निळा रंग येतो. पण क जीवनसत्त्वसुद्धा त्यात रंग देतं. म्हणून ‘एकूण फिनॉल’ म्हणजे नुसतं फिनॉलच असं समजू नका.

चार. पिकण्याप्रमाणं फळाचं आतलं बदलतं. कच्च्या हिरव्या करवंदात पेक्टिन जास्त, म्हणून लोणचं आणि जेली त्याची. पिकून काळं झालं की अँथोसायनिन वाढतं, तोच तो जिभेला लागणारा रंग. सरबताला काळीच घ्या. घरी बघायचं असेल तर करवंदाच्या रसात चिमूटभर खायचा सोडा टाका, लाल रंग निळसर-हिरवट होईल. पुन्हा लिंबू पिळा, लालसर होईल. आंबटात हा रंग टिकतो, सोड्यात टिकत नाही.

पाच. हा रंग आणि क जीवनसत्त्व दोन्हीला ऊन, उजेड आणि जास्त आच सोसत नाही. मी दोन वर्षं पत्र्यावर कडक उन्हात वाळवत होतो, म्हणजे जे विकायचं तेच जाळत होतो. आता सावलीत, जाळीवर, पातळ थर. रस लोखंडी कढईत उकळायचा नाही, काळा पडतो. स्टील वापरतो.

सहा. एका जाळीचं करवंद दुसरीसारखं नसतं. रानफळ आहे, प्रत्येक झाड बियांचं. ज्यांना एकसारखा माल हवा त्यांच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची करवंदाची ‘कोकण बोल्ड’ आणि जांभळाची ‘कोकण बहाडोली’ आहे. मी मात्र पडीवरच्याच चांगल्या जाळ्यांना पांढऱ्या रंगानं खुणा केल्यात.

खुणा करायचं कारण आणखी एक आहे. त्या पडीवर जेसीबी घालून काजू लावायचं मार्चमध्ये ठरलं होतं. आता अर्ध्या पडीवरच काजू लावतोय. ओढ्याकडची जांभळी आणि खुणेच्या जाळ्या तशाच राहतील. त्या औषध आहेत म्हणून नाही. मे महिन्यात आमच्या पोरांनी जाळीत शिरून ओरखडे काढून घेत तोंडं काळी करावीत, गाडीवाल्यांनी रस्त्यावर थांबून द्रोणभर करवंदं घ्यावीत, एवढं कारण मला पुरतं.

चाळीस पाकिटांपैकी एकतीस जणांचे नंबर वहीत होते. सगळ्यांना फोन केला. "गोळ्या चालू आहेत का?" एवढंच विचारलं. चौघांनी बंद केल्या होत्या. चौघांनाही डॉक्टरकडे जायला लावलं. उरलेली नऊ पाकिटं बाजारात सुटी गेली, ती कुणाकडं आहेत मला माहीत नाही. ही पोस्ट खरं तर त्या नऊ जणांसाठी आहे.

बियांची पावडर आम्ही बंद केली. आता जांभळाचा गर आणि करवंदाचं सरबत करतो. लेबलवर फळाचं नाव, साखर किती, वजन, तारीख. बाकी काही नाही. पोरगा म्हणाला, खप कमी होईल. झाला कमी.

आक्काची साखर आता आवाक्यात आहे. गेल्या आठवड्यात आली होती. जांभळाखाली बसून मोजून आठ-दहा जांभळं खाल्ली, आणि मला म्हणाली, "ह्येच्यावर काय लिवणार असलास तर आधी मला वाचून दाखव." ही पोस्ट तिला वाचून दाखवूनच टाकतोय.

ज्यांच्या घरी साखरेची गोळी चालू आहे त्यांनी ती कुठल्याही फळासाठी, बियांसाठी, माझ्यासारख्याच्या पोस्टसाठी बंद करू नये. पावडर-काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगून घ्या. आणि मंडळी, मागच्या वर्षीची पोस्ट जेवढी फिरवलीत, तेवढीच ही पण फिरवा.